खुंटीवरचं इरलं

फार मागची गोष्ट. डोंगरावरच्या एका साहेबी बंगल्याचं संग्रहालय झालं होतं. दाराशी टोप्या-छत्र्या ठेवायचा सागवानी स्टँड होता, मध्ये आरसा आणि दोन्ही बाजूंना पितळी खुंट्या. हा कशासाठी आहे ते लोकांना कळावं म्हणून व्यवस्थापक कर्णिकांनी त्यावर पुठ्ठ्याच्या टोप्या टांगल्या होत्या. खोट्या टोप्या मिरवाव्या लागत म्हणून स्टँड आधीच धुमसत होता.

एका पावसात झाडलोट करणाऱ्या ठकूबाईनं आपलं ओलं इरलं खुंटीला अडकवलं.

"काढा ते," कर्णिक म्हणाले. "जुनी वस्तू आहे, ओलाव्यानं खराब होईल. बाहेर पायरीवर ठेवा." आणि स्वतःची निथळती छत्री त्यांनी रोजच्यासारखी स्टँडमध्ये खोचली.

पायरीवरचं इरलं वाऱ्यानं दरीत नेलं. ठकूबाई भिजत घरी गेली आणि आठ दिवस तापानं फणफणली.

स्टँडच्या अंगाचा तिळपापड झाला. "जन्मभर ओलंच सांभाळलं मी," तो आरशाला म्हणाला. "पाण्यानं नाही, याच्या छत्रीनं सडेन."

नवव्या दिवशी कर्णिकांनी छत्री खोचली, ती स्टँडनं बाहेर फेकली. पुन्हा खोचली, पुन्हा फेकली, वर पुठ्ठ्याच्या टोप्याही त्यांच्या पायाशी टाकल्या. शेवटी छत्री पायरीवर ठेवावी लागली. वारा काही झोपलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ठकूबाई नवं इरलं घेऊन कामावर आली आणि पायरीशीच थांबली.

"आत टांगा," कर्णिक शिंकत म्हणाले.

"आता नाही का वस्तू खराब व्हायची, साहेब?"

कर्णिकांनी नाकाला रुमाल लावला. ठकूबाईनं इरलं आत टांगलं. खुंटीनं ते घट्ट धरलं.