दूधवाट

चिंचवणच्या पठारावरून खाली कुंभारवाडीत उतरणारी एक पायवाट आहे. तिला दूधवाट म्हणतात. दोन्ही अंगांना कमरेएवढं गवत, पण वाटेवर एक काडी उगवत नाही. पाहुणे विचारतात, इथून गवळी जायचे का? पठारावरचे बिराबुवा नाही म्हणून मान हलवतात आणि सांगू लागतात.

फार मागे इथं धनगरांची चार घरं होती. त्यांतल्या गोजराचं तान्हं लेकरू नवव्या दिवशी तापानं गेलं. नवरा मेंढरं घेऊन देशावर. गोजरा रडली नाही म्हणे. घरातून मेंढरं कोंडायच्या रिकाम्या वाघुरीकडं, वाघुरीकडून घरात, नुसत्या येरझारा घालत राहिली. दूध मात्र थांबेना. छाती दगडासारखी झाली, चोळी भिजू लागली. सासूनं मोगऱ्याची फुलं छातीशी बांधली.

"आटंल दोन दिसांत," ती म्हणाली.

त्याच दिवशी मडकी आणायला गेलेला दीर सांगत आला, की कुंभाराच्या ठकूला सातव्या महिन्यातच मुलगा झालाय. मुठीएवढा. त्याला चोखायचं बळ नाही आणि ठकूला दूध उतरलं नाही.

गोजरानं फुलं सोडून टाकली. वाटीत दूध पिळलं, वर पान झाकलं आणि भर उन्हात उतार धरला.

दारात ठकूची सासू आडवी आली. "सुतकातली बाई तू. तुझं लेकरू गेलं, आता माझ्या नातवावर तुझी सावली नको."

गोजरा आत गेली नाही, पण परतलीही नाही. दूध नासेल म्हणून वाटीवर पदर धरून अंगणातल्या ओल्या मडक्यांमधून फिरत राहिली. शेवटी आतून ठकूचा आवाज आला, "आत्याबाई, ह्याचं रडणं थांबलंय वो. येऊ द्या तिला."

सासू बाजूला झाली. गोजरानं कापसाची वात दुधात बुडवून बाळाच्या ओठांवर धरली. तिसऱ्या थेंबाला त्यानं गिळलं.

सुतकात परक्या घरी राहता येईना. म्हणून ती वर जाई, दूध उतरलं की पुन्हा खाली येई. दिवसातून चारदा. सुतक फिटलं तरी तिचे पाय थांबले नाहीत. वर असली की बाळानं दूध पोटात ठेवलं असेल ना, या घोरानं जीव थाऱ्यावर नसे. खाली असली की घरी आपली वाट बघणारं कोणी नाही, हे आठवे.

सव्वा महिन्यानं एका सकाळी ती निम्म्या उतारावर होती. खालून बाळाचं रडणं ऐकू आलं. खणखणीत, भुकेचं, हक्काचं. गोजरा वाटेतच बसली आणि आपल्या लेकरासाठी पहिल्यांदा रडली. हातातली वाटी तेवढी सांडू दिली नाही, असं सांगतात. मोळ्या घेऊन चढणारे दोघे तिला पाहून थबकले. वाट सोडून गवतातून गेले.

आजही पठारावरच्या बाळंतिणी जास्तीचं दूध तालुक्याच्या दवाखान्यात अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी पाठवतात. बर्फाची पेटी घेऊन बाई उतरताना दिसली, की समोरून येणारा गवतात जाऊन उभा राहतो. कुणाच्या बाळासाठी, हे तो विचारत नाही. तिलाही ते ठाऊक नसतं.