चालत्या इंजिनाचं काम

ट्रकना लाकडी केबिन असायच्या, त्या काळातली ही गोष्ट. चिपळूणजवळच्या एका गॅरेजात महिपत ड्रायव्हरने आपला ट्रक आणला आणि तो रज्जाक मिस्त्रींना म्हणाला, "चाचा, इंजिन उतरवा. अजून कुरकुर नाही, पण वय झालंय. घाटात अडण्याआधीच काम करून घेऊ."

इंजिनाला हा मोठा अपमान वाटला. कोपऱ्यात एक गंजलेलं इंजिन पडून होतं. त्याला ते म्हणालं, "आजोबा, परवाच मी आंब्याच्या पेट्यांनी भरलेला ट्रक घाटावर चढवला. मग मला का उघडतायत?"

"मलाही असंच वाटायचं," म्हातारं इंजिन म्हणालं. "मिस्त्रीचं नाव निघालं की मी मुद्दाम जोर दाखवायचो. माझा ड्रायव्हर फसायचा. एक दिवस चढणीवरच पिस्टन चिकटला. तो बिचारा बराच वेळ माझ्यावर हात ठेवून बसला, आणि मग दुसऱ्या गाडीने निघून गेला."

मग आठ दिवस चालत्या इंजिनाने सगळं सोसलं. नव्या रिंगा, नवे पिस्टन, नवी बेअरिंगं बसली. नवव्या दिवशी ते ट्रकवर चढलं आणि पहिल्या फटक्यात सुरू झालं.

"आजोबा, घाटावर काही निरोप?"

"माथ्यावर गार वारा लागतो. तो कसा असतो, हेच मी विसरत चाललोय."

"परत इथे आलो की सांगतो."

म्हातारं इंजिन म्हणालं, "इतक्यात येऊ नकोस."