हजेरीचे तळे

खारवेळ बंदरातल्या उंच इमारतींच्या मधोमध हे जे लांबोडके तळे दिसते, ते वर्षातून एकदा उपसतात. पण पुन्हा भरण्याआधी काठावर उभे राहून हजेरी घेतात. आइस्क्रीम खात फिरणारे पाहुणे हसतात. हसोत बापडे.

पूर्वी म्हणे ही सुकी गोदी होती. जहाज आत घ्यायचे, पाणी उपसायचे आणि माणसांनी खाली उतरून जहाजाच्या बुडाचा गंज खरवडायचा. काम संपले की चाकवाला एकेकाचे नाव पुकारी. शेवटचा माणूस 'वर आलो!' म्हणेपर्यंत गोदीत पाणी सोडायचे चाक फिरत नसे. भिकू घोगळे हा इथला शेवटचा चाकवाला. सासुरवाडीच्या पंगतीतही माणसे मोजल्याशिवाय त्याला घास गिळत नसे, असे सांगतात.

पुढे गोदी बंद पडली. नव्या मालकाने कामगारांची चाळ पाडली, इमारती उठवल्या, आणि त्यांना कबूल केलेली घरे तो सोयीस्करपणे विसरला. उद्घाटनाला गोदीत पाणी सोडून तळे करायचे होते. ते जुने चाक भिकूशिवाय कुणाला जमेना, म्हणून त्याला बोलावले.

भिकूने खाली पाहिले. बेघर झालेले चाळीस कामगार गोदीच्या तळाशी बसले होते. त्याने सवयीने चाळीस नावे पुकारली. एकही 'वर आलो' म्हणेना.

"फिरव रे चाक! पाणी पाहिलं की उठतील आपोआप," मालक खेकसला.

"हजेरी झाल्याशिवाय मी पाणी सोडूचंय नाय," भिकू म्हणाला आणि चाकाला पाठ लावून बसला.

मालकाने म्हणे दहा माणसे लावली, यंत्र लावले. चाक तसूभर हलले नाही. भिकू रोज सकाळी नावे पुकारी आणि रोज गोदी गप्प राही. एकविसाव्या दिवशी मालकाने हात टेकले आणि घरांच्या चाव्या दिल्या. दुसऱ्या सकाळी उत्तरे आली ती नव्या इमारतीच्या खिडक्यांतून. चाळिसावे 'वर आलो!' ऐकले आणि भिकूने ते चाक एका हाताने फिरवले. त्याला रडू आवरेना.

आजही हजेरी होते, आता इथल्या सगळ्यांची. गेल्या वर्षी जिन्याखाली झोपणाऱ्या राखणदाराचे, काशिनाथ तोरस्करचे, नाव पुकारले. तो समोरच उभा होता, पण बोलला नाही. तीन दिवस तळे कोरडे राहिले. चौथ्या दिवशी सोसायटीने त्याला खोली दिली, आणि मगच पाणी आले.