आधी पुढचं दार

"मग न्यायचं ना महाराज? उद्या पहाटेच निघतो!"

सर्जेरावच्या पायांतल्या चपलासुद्धा अजून निघाल्या नव्हत्या. एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातात वडिलांचं मनगट आणि चेहरा असा, जसं काही घरात बारसंच आहे.

निरंजनपुरी महाराज मठामागच्या बागेत वांगी तोडत होते.

"आधी त्यांना बसव," ते म्हणाले.

सर्जेरावने वडिलांना पारावर बसवलं. गेनूआप्पा बसले आणि समोर बघत राहिले... परक्या गावच्या स्टँडवर कुणी बसावं तसे.

"वैद्य सापडलाय महाराज! पार परराज्यात. आप्पांसारखी कितीतरी माणसं त्यांनी बरी केलीत. मी व्हिडिओ पाहिलेत. एका म्हातारीनं तर तिथं आपल्या लेकाला हाक मारली. नावानं, महाराज! नावानं!"

"आणि तुझे डॉक्टर काय म्हणतात?"

"त्यांचं एकच तुणतुणं. मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या एकेक करून बंद पडतायत. जिथं रक्त पोचलं नाही, तो भाग गेला, तो परत येत नाही. उरलंय ते सांभाळा, प्रेशरची गोळी चुकवू नका... सांभाळा, सांभाळा! सांभाळणं हा काय उपचार झाला?"

महाराजांनी एक वांगं टोपलीत टाकलं.

"आजवर काय काय केलंस?"

"काय नाही केलं ते विचारा! नाकात तूप सोडलं, कपाळावर तेलाची धार धरली, ताईत बांधला, शहरात नेऊन मशीनमध्ये झोपवलं. बापासाठी एवढं धावणारा पंचक्रोशीत दुसरा दाखवा. दिवाळीपर्यंत निदान चमचा धरत होते, आता तोही सुटला. पण हे औषध वेगळं आहे महाराज. या खेपेला मला वाटतंय!"

"वैद्याची काही अट?"

"एकच. आधीच्या सगळ्या गोळ्या बंद करून यायचं. शरीर मोकळं पाहिजे म्हणतात. मी कालपासूनच बंद केल्या!"

महाराजांचा हात देठावरच थांबला.

...

तेवढ्यात लाईट आली. विहिरीवरची मोटार घरघरली आणि पाटातून पाणी फेसाळत आलं.

"जरा दारं धर," महाराज म्हणाले. "माझी कंबर आखडलीय."

सर्जेरावने पँट वर दुमडली, खोरं उचललं. एक वाफा भरला की पाणी पुढच्या वाफ्यात वळवायचं, एवढंच काम. तालुक्याला मोबाईलचं दुकान टाकल्यापासून त्याने खोऱ्याला हात लावला नव्हता, पण लहानपणी बघितलेलं होतं.

फोन वाजला. वैद्यांचाच माणूस. सर्जेरावने फोन कान आणि खांद्याच्या मध्ये दाबला.

"हो हो, उद्याच निघतोय!"

बोलता बोलता त्याने भरलेल्या वाफ्याचं दार धपाधप माती ओढून बुजवलं आणि पुढच्या वाफ्याचं उघडायला वळला.

पाणी कुठं थांबतंय? ते पाटात तुंबलं, फुगलं आणि कड फोडून झेंडूच्या रोपांत घुसलं.

"ए भिवा! मुडद्या!"

पारावरून आरोळी आली. गेनूआप्पा उभे होते.

भिवा हा आप्पांचा जुना गडी. त्याला जाऊनही कैक वर्षं झाली होती.

"आप्पा, मी सर्जा. तुमचा सर्जा!"

हे वाक्य तो रोज म्हणायचा आणि रोज त्याचा आवाज थोडा चढायचा.

"सर्जा शाळेत गेलाय!" आप्पा धोतर खोचत पाटात उतरलेसुद्धा. "तू पाण्याकडं बघ! आधी पुढचं दार उघडायचं, मग मागचं बुजवायचं. कितींदा सांगू? पाणी काय तुझ्यासाठी उभं राहणार आहे?"

फुटलेल्या कडेत त्यांनी आपला पाय आडवा रोवला.

"आप्पा, मी भिवा नाही हो..."

"उघड की!"

सर्जेरावने महाराजांकडे पाहिलं. महाराज वांगी तोडत होते.

फोन कानाशी हॅलो हॅलो करत होता. त्याने तो खिशात कोंबला.

"आलो मालक!"

आणि मग एकच धांदल उडाली. "ओढ माती! तिकडं नको गाढवा, इकडं! हां, अस्सं! हाण!" पाण्याने उसळी घेतली, वळलं आणि पुढच्या वाफ्यात खळाळत शिरलं. आप्पांनी टाळी वाजवली. सर्जेराव गुडघ्यापर्यंत चिखलात, छाती धडधडतेय आणि तो हसतोय. आप्पाही हसत होते. बाप हसलेला त्याने कधी पाहिला होता, ते त्याला आठवेना.

आप्पांनी ओला हात त्याच्या पाठीवर ठेवला.

"जमलं बघ. भिवा, सर्जा शाळेतून आला की त्याला पाट दाखव. माझ्या डोळ्यांदेखत त्याला हे यायला पाहिजे."

सर्जेरावने खोरं मातीत टेकवलं.

...

"दाखवतो, मालक."

आप्पांनी आजूबाजूला पाहिलं. "हे कुणाचं रान?" आणि चेहरा पुन्हा परक्या स्टँडवरचा झाला.

सर्जेराव फुटलेल्या कडेकडे बघत राहिला. झेंडूची रोपं चिखलात आडवी पडली होती. "आधी पुढचं दार... आणि गोळ्या मी कालच बंद केल्या," तो पुटपुटला.

एकाएकी तो मठाबाहेर लावलेल्या आपल्या जीपकडे पळाला. एक चप्पल चिखलातच रुतून राहिली. बांधलेल्या पिशवीच्या तळातून त्याने प्रेशरच्या गोळ्या उपसून काढल्या, तांब्या भरून घेतला आणि आप्पांपुढे उकिडवा बसला.

"कसली रे गोळी, भिवा?"

"ताकदीची, मालक."

आप्पांनी मुकाट्याने गिळली.

खिशात फोन पुन्हा वाजू लागला. सर्जेरावने तो बाहेर काढला, पण उचलला नाही.

"महाराज... मग या वैद्यांना काय सांगू?"

महाराज आडवी पडलेली रोपं एकेक करून उभी करत होते. त्यांनी मान वर केली आणि मघाशी पाठीवर हात ठेवताना आप्पांनी पाहिलं होतं, अगदी तसंच त्याच्याकडे पाहिलं.

"भिवा," ते म्हणाले, "सर्जाला पाट दाखव."