उलट्या फेऱ्याला बंदी

"उलटा फेरा घेतलास? माझ्या रथाच्या आसावर? माझ्या डोळ्यांदेखत?"

धामणगिरीचे भीमधवल महाराज असे गरजले, की भात्याजवळ झोपलेलं मांजर थेट आढ्यावर गेलं!

येसू लोहार हात जोडून उभा राहिला. महाराजांच्या रथाचं चाक सारखं निसटायचं. म्हणून त्याने लोखंडी आसाच्या टोकाला भोक पाडलं होतं आणि आता आत आटे पाडत होता. त्यांत पेचाचा खिळा कसला, की चाकाची काय बिशाद! पण या कामाची एक रीत असते. पोलादी हत्यार भोकात घालून अर्धा फेरा पुढे फिरवायचं, मग थोडं मागे. मागे फिरवलं की लोखंडाचा कीस तुटून मोकळा होतो. नाहीतर हत्यार आतच मोडतं.

आणि महाराजांनी नुकतीच दवंडी पिटवली होती, 'आमचं राज्य पुढे जाणारं! इथे कोणी मागे जायचं नाही, काही मागे फिरवायचं नाही!' झालं! मोटेच्या बैलांना मागे सरकता येईना, मळ्यांना पाणी मिळेना. दरबारातून निघताना महाराजांना पाठ दाखवायची नाही आणि मागेही सरकायचं नाही, म्हणून चार मानकरी दरबारातच मुक्कामाला! बिचाऱ्यांच्या भाकऱ्या घरून यायच्या.

"पण सरकार, मागे फिरवल्याबिगर आटे..."

"पुन्हा मागे? घाला याला कोठडीत! उद्या दसऱ्याची मिरवणूक. त्याआधी एकही उलटा फेरा न घेता आटे पडले तर सुटला, नाहीतर जन्मभर आत!"

शिपायांनी बापाचं मनगट धरलेलं पाहून भाता ओढणारी गोजरा उठून पुढे आली. येसूची ही लेक गप्प बसणाऱ्यांतली नव्हती.

"सरकार, मी पाडते आटे! पण जोडीला एक माणूस हवा. जन्मात कधी मागे न हटलेला."

"असा माणूस या राज्यात एकच!" महाराजांनी मिशीला पीळ दिला.

"म्हणूनच तर म्हटलं!"

गोजराने दगडातल्या खळग्यात आस उभा केला, त्याला खाली एक आडवा दांडा बांधला. वर भोकात हत्यार, हत्यारालाही दांडा.

"वरचा दांडा माझा, खालचा सरकारांचा. मी फिरेन तेव्हा सरकारांनी आस घट्ट धरायचा. मी दांडा धरून थांबले की सरकारांनी आस घेऊन फिरायचं. मी जाते त्याच दिशेनं, पुढेच!"

"पुढेच!" महाराजांनी बाह्या सरसावल्या.

गोजरा अर्धा फेरा पुढे गेली आणि थांबली. महाराज पाव फेरा पुढे गेले आणि थांबले. कट्! कीस तुटला. पुन्हा गोजरा पुढे, महाराज पुढे, कट्! महाराजांना भलताच चेव चढला. पागोटं सुटून खांद्यावर आलं, जोडा एकीकडे उडाला, जमलेल्या बायाबापड्या टाळ्या पिटू लागल्या.

"पडले आटे! आता हत्यार बाहेर काढायचं," गोजरा म्हणाली. "मी नुसती धरून उभी राहते. सरकार, तुम्ही चला पुढे!"

महाराज गरागरा फिरत सुटले. हत्यार वर वर येत टणकन बाहेर पडलं. खिळा आट्यांत सुरसुर बसला. महाराजांना मात्र दोन दोन गोजरा दिसत होत्या, आणि त्यांनी दोघींवरही डोळे वटारले.

"थांब! बाहेर आलं म्हणजे हत्यार उलटंच फिरलं! दवंडी मोडलीस!"

"मी एक पाऊल तरी मागे आले का, सरकार?"

"नाही..."

"मग सरकार आले?"

"मी? छट्! मी पुढेच गेलो!"

"तेच तर! सरकार पुढे गेले, म्हणून हत्यार मागे पडलं. आता पुढे जाणाऱ्याला शिक्षा करायची, तर शिपाईदादांनी धरायचं कोणाला?"

शिपाई चुळबुळत महाराजांकडे पाहू लागले. आणि महाराज हसले! असे हसले, असे हसले, की आधीच गरगरलेले ते झोकांड्या खात चांगली चार पावलं मागे गेले!

बघणाऱ्यांनी तोंडावर हात धरले.

"गेलो की मागे!" महाराज पोट धरून ओरडले. "अरे, सोडा त्या येसूला! पोरीच्या हातात सोन्याचं कडं घाला! आणि ती दवंडी आत्ताच्या आत्ता मागे घ्या!"

येसूने लेकीला पोटाशी धरलं. तिकडे दरबारात रिकाम्या गादीला मुजरे करत, मागे सरकत, एकमेकांचे पाय तुडवत चारही मानकरी एकदाचे घरी पळाले!