विचारणीची शिळा

त्या रानात राखणीचे काम कोळसुंद्यांकडे होते. हे रानकुत्रे टोळीने फिरत आणि ज्याला धरत त्याला उत्तरेकडच्या अरुंद घळीत नेऊन ठेवत. घळीच्या तोंडाशी बोरीच्या काट्यांचा ढीग असे. आत गेलेला एखादा परत येई, पण आत काय झाले ते सांगत नसे. जो परत येत नसे त्याच्याविषयी विचारायचे नाही, असा शिरस्ता होता. तो कुणी घातला हे कुणाला ठाऊक नव्हते. मोडायची भीती मात्र सगळ्यांना होती.

एका उन्हाळ्यात प्राण्यांची सहनशक्ती संपली. ते राजाच्या कड्याखाली जाऊन बसले आणि उठेनात. राजा कुणी पाहिलेला नव्हता, त्याचा फक्त आवाज खाली येई. सर्वांत पुढे साळिंदरतात्या बसला होता. कोळसुंदे अंगावर आले तेव्हा तो मागे सरला नाही. काटे फुलवून तो त्यांच्यातच घुसला आणि एक कान फाडून घेऊन बाहेर आला. त्याच्या बाजूला तांबी नावाची भेकरी आणि तिचा भाऊ कोंडू उभे होते. कोंडू उन्हातान्हात सारखा भुंकत राहिला. भेकर भुंकले की रान जागे होते, आणि तसे ते जागे झाले.

शेवटी कड्यावरून निरोप आला. आजपासून घळीविषयी कुणीही विचारावे. त्यासाठी माळावर एक शिळा ठेवली जाईल, आणि उत्तर ज्याच्या त्याच्या दारात पोहोचेल.

नुसत्या बोलण्याला त्या रानात किंमत नव्हती. ज्याचा गंध मागे राहिला त्याचेच म्हणणे खरे धरत. ससा हनुवटी घासून शब्द देई, भेकर डोळ्याखालची खाच घासून. त्यामुळे विचारणाऱ्याने शिळेवर आपला गंध सोडावा, या अटीत कुणाला वावगे वाटले नाही. उलट, आता आपला प्रश्न हवेत जाणार नाही, असेच सगळ्यांना वाटले. शिळेपाशी बसायला राजाने साळिंदरतात्यालाच नेमले, तेव्हा तर माळावर आनंदीआनंद झाला. आपलाच कुणीतरी तिथे बसला होता.

पुढच्या हिवाळ्यात कोंडूला नेले. ओढ्यावर कोळसुंद्यांची सावली दिसली म्हणून तो भुंकला होता. 'उगाच घबराट पसरवतो,' एवढेच ते म्हणाले.

शिळेवर अजून कुणी गंध सोडला नव्हता. तांबी तिकडे निघाली तेव्हा बांबूतल्या सशाने तिला अडवले.

"तांबे, कशाला नसत्या फंदात पडतेस? सोडायचा तेव्हा सोडतील. उद्या तुलाच नेलं तर तुझ्याविषयी विचारायला कोण आहे?"

"तू आहेस की, ससेभाऊ."

"मी?" ससा दोन उड्या मागे गेला. "मला अजून पोरं वाढवायचीत, बाई."

तात्याने मात्र तिला प्रेमाने जवळ घेतले. "ये पोरी. एकच विचार हां. दोन विचारलेस तर आधी कुठलं घ्यायचं यातच पावसाळा निघून जाईल."

तिला दुसरे विचारायचेच नव्हते. "माझा भाऊ कोंडू जिवंत आहे का?" असे म्हणून तिने डोळ्याखालची खाच शिळेवर टेकवली. तिथे गंधही उतरला आणि पाणीही.

"आणखी घास," तात्या हळुवारपणे म्हणाला. "पुसट राहिला तर उत्तर भलत्याच्याच दारात जायचं."

उत्तर मैनेने आणले. उत्तरे पोहोचवण्याचे काम तिच्याकडे होते, आणि राजाचे शब्द ती राजाच्याच आवाजात सांगे. तांबीच्या दारातल्या फांदीवर बसून ती खर्जात म्हणाली, "घळीत पाणी स्वच्छ व भरपूर आहे."

"मी पाण्याचं विचारलं नव्हतं."

"उत्तर आलं की नाही?" मैना आपल्या आवाजात म्हणाली आणि उडून गेली.

तांबीने पुन्हा शिळा घासली. या वेळी उत्तर आले, "कोंडू नावाच्या भेकराविषयी इतरांना सांगणे हा कोंडूवर अन्याय होईल. त्याची संमती आणावी."

"तो घळीत आहे. संमती कुठून आणू?"

"हा नवा प्रश्न झाला," मैना म्हणाली. "शिळेवर जा."

ती गेली. तात्याने मान हलवली. "आपण भांडून मिळवलंय हे, तांबे. असं अर्ध्यावर सोडायचं नाही. थांब, मीच वर बोलतो." त्याचे काटे हल्ली अंगाला चिकटून असत. वय झाले, असे तिला वाटले. तो वर काय बोलला कुणास ठाऊक, पण निरोप आला की तांबीला घळ दाखवण्यात येईल.

कोळसुंदे तिला घळीच्या काठावर घेऊन गेले, तेही अदबीने. तात्या बरोबर होता. तांबीने खाली पाहिले तर घळीवर या काठापासून त्या काठापर्यंत फांद्या टाकून सागाची पाने अंथरलेली होती.

"आतल्यांना ऊन लागू नये म्हणून," एक कोळसुंदा म्हणाला. "बघा, हवं तेवढं बघा."

तिने पाने पाहिली. पानांखाली काहीच दिसत नव्हते. तेव्हा तिने मान उंच केली आणि ती भुंकली, लहानपणी दोघे एकमेकांना शोधताना भुंकत तशी. मग पानांखालून उत्तर आले. तोच आवाज, शेवटाला किंचित फाटणारा.

"झालं समाधान?" तात्याने विचारले. तिने नुसतेच त्याच्या फाटक्या कानाला तोंड लावले.

त्यानंतर तांबी रानभर फिरली. ज्या ज्या घरातला कुणी घळीत होता त्या त्या घरी गेली. "मला उत्तर मिळालं," ती सांगे. "विचारल्याशिवाय मिळत नाही." उदमांजराची बहीण तयार झाली. पाणमांजरांचे अख्खे कुटुंब आले. सांबराची म्हातारी आई दुसऱ्या डोंगरावरून चालत आली. लाजणाऱ्यांना तांबीने स्वतः शिळेपर्यंत नेले आणि कसे घासायचे ते दाखवले. शेवटी ससासुद्धा आला, त्याच्या मेव्हण्याला नेले होते.

"ससेभाऊ, नीट टेकव हनुवटी. घाबरतोस काय?"

"घाबरत नाही. दगड गार आहे," ससा म्हणाला, पण त्याने हनुवटी घासली.

थोड्याच दिवसांत शिळा गंधांनी गुळगुळीत झाली. उत्तरे अजून यायची होती. एवढे प्रश्न आल्यावर वेळ लागणारच, असे तात्या म्हणाला आणि ते सगळ्यांना पटले.

एका सकाळी तांबीने ओढ्याकाठी चांगला कंद उकरला आणि तात्याला द्यावा म्हणून तोंडात धरून माळाची वाट धरली. माळाच्या अलीकडे तिला कोंडूचे भुंकणे ऐकू आले, अगदी जवळून, मोकळ्यावरून. सोडला त्याला, असे तिच्या मनात आले आणि ती धावत सुटली. करवंदीच्या जाळीपाशी पोहोचून तिने पाहिले. माळावर कोंडू नव्हता. शिळेशेजारच्या पळसावर मैना पिसे साफ करत बसली होती आणि मध्येच, सवयीने, कोंडूच्या आवाजात भुंकत होती.

एकदा भुंकली. पुन्हा भुंकली, शेवट किंचित फाटला. मग त्याच आवाजात हळूच म्हणाली, "पाणी द्या." पुन्हा म्हणाली, आणखी हळू. मग घशातून नुसती घरघर काढली, ती लांबवत नेली आणि मध्येच तोडली. मग पंख झाडून पुन्हा भुंकण्यापासून सुरू झाली.

तांबीच्या तोंडातला कंद खाली पडला. ती मागे वळणार तोच पळसाखाली आणखी कुणीतरी दिसले आणि ती जाळीआड दबली.

कोळसुंद्यांनी यंदाची पिल्ले आणली होती. मोठे मागे बसून पाहत होते आणि पिल्ले शिळेभोवती गोळा झाली होती. मध्ये साळिंदरतात्या होता. तांबीशी बोलताना असे, तसाच मऊ आवाज.

"हा सशाचा. बांबूत राहतो, पोरं लहान आहेत. ही पाणमांजरं, सगळी एकाच बिळात असतात. ही सांबराची म्हातारी, ही काही पळायची नाही. घाई करू नका रे, नीट हुंगा."

सर्वांत धाकटे पिल्लू शिळेच्या कडेला एकाच जागी नाक लावून उभे होते.

"तात्या, हा कुणाचा? हा ओला लागतो."

"तो पहिला," तात्या म्हणाला. "तो चांगला ध्यानात ठेव."

पिल्लाने डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला. वारा करवंदीकडून माळाकडे वाहत होता. पिल्लाने शिळेवरचे नाक उचलले, वाऱ्यात धरले आणि सावकाश मान जाळीकडे वळवली.