रातांब्याचा नर

वृंदाला रात्रभर झोप नव्हती. सकाळी मामंजी परसातला नर रातांबा, म्हणजे कोकमाचं नर झाड, तोडणार होते आणि तो गेला, की बाकीच्या सहा झाडांना फळ धरणार नव्हतं. वनस्पतिशास्त्र शिकूनही सासऱ्यांपुढे तिचं तोंड उघडत नसे.

मामंजी कुऱ्हाड घेऊन आलेच. "पंधरा वर्षांत एक फळ नाही मेल्याला!"

रात्रभर मनात पाठ केलेलं सगळं विसरून वृंदा बोलून गेली, "मामंजी, तो नर आहे. तुम्हाला चार मुलं झाली, त्यातल्या एकाच्या वेळी तरी तुम्ही बाळंत झालात का?"

सासूबाईंनी पदरात तोंड लपवलं. मामंजींनी कुऱ्हाड भिंतीला टेकवली. आता आपली धडगत नाही, असं वृंदाला वाटलं.

तेवढ्यात तिची पाच वर्षांची लेक रेवा म्हणाली, "आजोबा, तो पण तुमच्यासारखा आजोबा आहे? मग त्याला फळं द्यायचं काम नका सांगू ना! तुम्हाला तरी कोण कामं सांगतं?"